मागे सरायला जागा नाही

प्रवासाला एकच लेन्स न्यायची तर ती शक्य तितक्या लांब पल्ल्याची असावी, १८–३०० किंवा १८–४०० मिलिमीटरची, असे मत आपल्या हौशी छायाचित्रकारांत जवळजवळ एकमुखाने ऐकू येते. दुकानदार तेच सांगतो, ट्रेकला सोबत येणारा जाणता मित्रही तेच सांगतो, आणि पहिला कॅमेरा घेतलेला मुलगा ते खरे मानून वर्षभरात किट लेन्स विकून टाकतो. हे मत चुकीचे आहे, असे माझे ठाम म्हणणे आहे. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत फिरणाऱ्यासाठी तर ते नक्कीच चुकीचे आहे.

आधी समोरच्याचे म्हणणे त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो. तो म्हणतो, प्रवासात पुढे काय दिसेल याचा नेम नसतो. रायगडावर जगदीश्वराच्या पुढे गेलात की पूर्वेला लिंगाणा उभा राहतो. ५०वर तो चिमुकला दिसतो, ३००वर त्याच्या कातळातल्या भेगा दिसतात. महाडच्या चवदार तळ्याच्या मध्यभागी बाबासाहेबांचा पुतळा आहे, तो काठावरून जवळ आणायला लांब पल्लाच हवा. वाइड चित्र तर आता खिशातला फोनही काढतो, तेव्हा फोनला जमत नाही ते कॅमेऱ्याने करावे. शिवाय लेन्स बदलायची नाही, म्हणजे सेन्सरवर धूळ बसायची नाही.

यातला शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. एकच लेन्स न्यावी. पाठीवर तीन लेन्स घेऊन चढणारा माणूस निम्मा वेळ पिशवीत हात घालून उभा असतो, आणि पावसाळी वाऱ्यात उघडा कॅमेरा धरून लेन्स बदलणे म्हणजे पाण्याला आत बोलावणे. वाद आहे तो ती एक लेन्स कोणती, एवढाच.

या मुलखात माणसाला पुढे जाता येते, मागे सरता येत नाही. माझ्या साऱ्या म्हणण्याचे मूळ इथे आहे. वाटा कड्याला चिकटून जातात, एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला दरी. रायगडाचा महादरवाजा घ्या. दोन्ही बाजूंचे बुरूज साधारण ६५ ते ७५ फूट उंच, आणि दरवाजा त्यांच्या कुशीत असा लपवलेला की खालून येणाऱ्याला तो शेवटच्या वळणापर्यंत दिसू नये. ही रचना शत्रूला मोकळी जागा मिळू नये म्हणूनच केली आहे. तिथे फोटो काढणाऱ्यालाही मोकळी जागा मिळत नाही. ७५ फुटी बुरूज उभ्या चौकटीत पायथ्यापासून माथ्यापर्यंत बसवायचा, तर फुल फ्रेमच्या मापाने २४ मिलिमीटरवर साधारण २२ फूट अंतर लागते, २७वर ३१ फूट आणि ५०वर ९० फूट. साध्या त्रिकोणमितीचा हिशेब आहे. २२ फूट तिथे मिळतात. ९० फूट मिळवायला गेलात, तर पायऱ्या उतरत राहाल आणि बुरूज तेवढाच वर वर जाईल.

आता १८–४०० ही लेन्स क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्याला लावा. लेन्सवरच्या आकड्याला १.५ने, कॅननच्या कॅमेऱ्यात १.६ने गुणले की फुल फ्रेमचे माप निघते. म्हणजे ती सुरू होते २७ ते २९वर. १६–८० ही लेन्स सुरू होते २४वर. हा तीन ते पाच मिलिमीटरचा फरक दुकानात कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण २४ आणि २७ यांतला फरक ३०० आणि ४०० यांतल्या फरकाहून कितीतरी मोलाचा आहे. फुल फ्रेमवरही २०२० साली आलेल्या २८–२०० सारख्या लेन्स २८वर सुरू होतात. २४–२४० अशाही लेन्स निघाल्या आहेत हे खरे. त्यांच्याबाबत माझा हा पहिला आक्षेप उरत नाही, पुढचे दोन मात्र उरतात.

महाडहून मुंबईच्या बाजूला निघाले की महामार्गालगतच्या डोंगरात गांधारपाले लेणी आहेत. पायऱ्या चढून व्हरांड्यात उभे राहा. पुढे खांब, मागे दालनातला अंधार आणि समोर खाली सावित्री-गांधारीचे खोरे. हे तिन्ही एका चित्रात आले तर ते लेणे, नाही तर तो नुसता खांब. व्हरांड्याबाहेर पाऊल टाकून मागे सरण्याची सोय नाही. शिवथर घळीतही तेच. समर्थांनी जिथे दासबोध रचला अशी श्रद्धा आहे, त्या घळीत आतून बाहेर पाहताना काळोख, पाण्याचा पडदा आणि हिरवी दरी एकत्र पाहायची असते. तिथे ४०० मिलिमीटरचे काय करणार?

लिंगाण्याचे उत्तर द्यायला हवे. लांबच्या वस्तूचा फोटो काढताना लेन्स केवळ ती वस्तू मोठी करत नाही, मधली सगळी हवाही मोठी करते. काळ नदीच्या खोऱ्यावरची हवा पावसाळ्यानंतर बाष्पाने दाटलेली असते आणि एप्रिल-मेच्या उन्हात थरथरते. त्यामुळे ३००वर काढलेला लिंगाणा बहुधा राखाडी, मऊ कडांचा येतो. मुख्य म्हणजे लिंगाणा एकटा सुळका म्हणून काढला की त्याचा अर्थ जातो. तो रायगडाच्या पहाऱ्यावरचा दुर्ग आहे. मागची सह्याद्रीची भिंत आणि पुढचे खोरे यांच्यामध्ये तो पाहावा, आणि ७० ते १२० हा पल्ला त्याला भरपूर आहे. तरीही जवळ हवाच, तर २४ मेगापिक्सेलचा १०५वर काढलेला फोटो दोन्ही बाजूंनी निम्मा कापा. २१०चे चित्र मिळेल, सहा मेगापिक्सेलचे, आणि त्याची दहा इंच रुंद छपाई स्वच्छ येईल. पुतळ्याच्या फोटोलाही हेच लागू आहे. कमी पडलेला पल्ला घरी बसून असा भरून काढता येतो, पण चौकटीबाहेर राहिलेली भिंत घरी बसून आत आणता येत नाही. चार फोटो जोडून रुंद चित्र होते, असे कुणी म्हणेल. दूरच्या डोंगररांगेचे होतेही, पण हाताशी असलेल्या खांबांचे आणि चालत्या माणसांचे नीट जुळत नाही.

फोनचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो, पण त्यात मोठी चूक आहे. गडाचा दरवाजा, लेण्याचा व्हरांडा, घळीतला काळोख ही आपल्या सहलीची मुख्य चित्रे. ती लहान सेन्सरच्या साधनावर सोपवायची आणि मोठा सेन्सर दूरच्या सुळक्यासाठी राखायचा, हा उलटा व्यवहार झाला. लेण्याच्या अंधारातच मोठ्या सेन्सरची खरी गरज असते. आणि भर पावसात ओल्या बोटांनी फोनचा पडदा ऐकत नाही, हा या भागातल्या प्रत्येकाचा अनुभव आहे.

दुसरा आक्षेप माणसांच्या बाबतीतला आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले, आणि त्या दिवसाच्या स्मरणार्थ दरवर्षी मार्चमध्ये महाडात माणसांची रीघ लागते. गावोगावहून आलेली कुटुंबे तळ्याच्या पायऱ्या उतरतात आणि ओंजळीने पाणी घेतात. तो क्षण ३००वरून, समोरच्या काठावरून, एखाद्या बाईला न कळता टिपणे मला पटत नाही. ज्या तळ्याशी माणसाला माणूस म्हणून जवळ येऊ दिले जात नव्हते, तिथे तरी छायाचित्रकाराने जवळ जावे. नमस्कार करावा, विचारावे, तिने मान डोलावली तर ३५ ते ७०च्या पल्ल्यात, दोन-तीन हातांवरून फोटो काढावा. त्या चित्रात तिच्यासोबत तिची माणसे येतात, पायऱ्या येतात, पाणी येते. लांबून ओढलेल्या चेहऱ्यामागे नुसता धूसर रंग उरतो. संध्याकाळचा उजेड असेल तर लांब पल्ल्याच्या लेन्सच्या लांब टोकाला मिळणाऱ्या f/6.3पेक्षा f/4वर अडीच पट प्रकाश आत येतो. लेन्समधल्या स्थिरीकरणाने आपला हात स्थिर होतो, समोरचे माणूस स्थिर होत नाही.

दुसऱ्या टोकाला प्राइमवाले, म्हणजे झूम नसलेल्या लेन्सचे पुरस्कर्ते, आहेत. ५० किंवा ३५ची एकच लेन्स लावा, पाय हाच झूम, असे ते सांगतात आणि छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँचे नाव घेतात. त्याने ५०वर अजोड काम केले, १९४७-४८च्या भारतातही केले. पण तो मुख्यतः रस्त्यांवर, सभांत, गर्दीत फिरला, जिथे चार पावले मागेपुढे करता येतात. रायगडाच्या बाजारपेठेत आणि होळीच्या माळावर मीही ५०वर समाधानी असेन. महादरवाजापाशी किंवा आंबेनळी घाटाच्या वळणावर मात्र पायांना झूम करायला जागाच नाही. शिकण्यासाठी प्राइम उत्तम, पण या प्रवासाची एकमेव लेन्स म्हणून अपुरी.

मग न्यावे काय? फुल फ्रेम असेल तर २४–१०५ किंवा २४–१२०, f/4ची. निकॉन, कॅनन, सोनी तिघांकडेही ती आहे, वजन ६३० ते ७०० ग्रॅमच्या घरात. २४–७० f/2.8 दुप्पट प्रकाश देते, पण अनेकदा ८०० ग्रॅमच्या पुढे जाते आणि पल्ला आखूड करते. क्रॉप सेन्सरवर १६–८० घ्यावी. फुजीची १६–८० f/4 ही ४४० ग्रॅमची असून पाण्याच्या शिंतोड्यांपासून राखलेली आहे, आणि निकॉनची १६–८० २०१५ साली आली. नवे घेण्याइतके पैसे नसतील तर जुनी १८–५५ किट लेन्स मुळीच विकू नका. ती २४वर सुरू होत नाही हा तिचा उणेपणा खरा, पण ती हलकी आहे आणि या प्रवासातली बहुतेक चित्रे तिच्या पल्ल्यात बसतात.

तिसरा आक्षेप पावसाचा. खालचे महाड जवळजवळ समुद्रसपाटीला आहे आणि पोलादपूरहून आंबेनळी चढलात की ज्या महाबळेश्वरला पोचता, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. झूम करताना ज्या लेन्सची नळी लांब बाहेर येते, ती आत-बाहेर होताना हवा ओढते आणि हवेबरोबर बाष्पही. २४–१०५चीही नळी बाहेर येते, पण तिचा प्रवास थोडा असतो. म्हणून खरेदी करताना पाण्यापासूनचे सीलिंग आहे का ते विचारा, आणि कॅमेऱ्यालाही आहे का तेही विचारा, कारण एकट्या लेन्सचे सीलिंग उपयोगाचे नाही. एसी गाडीतून उतरून लगेच लेन्स उघडली की काचेवर दव जमते, तेव्हा ती पिशवीतच थोडी उबू द्यावी. घरी परतल्यावर बंद दमट पिशवीत ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते. सिलिका जेल घातलेला घट्ट डबा पुरतो, आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर राहिली म्हणजे झाले.

पक्ष्यांसाठी मी माझा नियम मागे घेतो. जवळच्या म्हसळा तालुक्यातल्या चिरगावची गिधाडे आणि त्यांच्यासाठी महाडच्या सिस्केप संस्थेने केलेले काम पाहायला जाणाऱ्याने लांबच लेन्स न्यावी आणि लांबच राहावे, घरट्यांच्या जवळ जाऊ नये. पण तो वेगळा प्रवास आहे, त्याची तयारीही वेगळी.

तेव्हा दुकानात लेन्स हातात घ्याल तेव्हा दुसरा आकडा किती मोठा, हे विचारू नका. आधी पहिला आकडा वाचा, तो क्रॉपचा असेल तर गुणाकार करा, आणि २४च्या आसपास आला तरच पुढे बोला.