सव्वा घटिकेचा वाद

पुणे-सोलापूर रस्त्यावर, दौंडपासून जवळच, कुरकुंभ नावाचे गाव आहे. टेकडीवर फिरंगाई देवीचे स्थान, भोवती शेतीवाडी आणि पलीकडे औद्योगिक वसाहतीतील रसायनांचे कारखाने, असा या गावाचा जुना-नवा संसार आहे. जानेवारीच्या मध्यास येथे सूर्य सात वाजून सात-आठ मिनिटांनी उगवतो. गाव मात्र त्याच्या कितीतरी आधी जागे झालेले असते. दुधाच्या किटल्या डेअरीकडे निघतात, पहिल्या पाळीचा कामगार सायकल किंवा मोटारसायकल बाहेर काढतो आणि सकाळच्या शाळेची मुले वाड्यावस्त्यांवरून चालू लागतात. त्या वेळी रस्त्यावरचा दिवा किंवा हातातील विजेरी हाच पुष्कळांचा सूर्य असतो.

या लोकांच्या पहाटेशी एका सूचनेचा फार निकटचा संबंध आहे. भारताचे घड्याळ कायमचे अर्धा तास पुढे करावे, अशी ती सूचना आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतील अभ्यासकांनी ती २००७ साली गणितासह मांडली. संध्याकाळी दिवे उशिरा लागतील आणि त्यामुळे देशाची वर्षाकाठी दोन अब्ज युनिटांहून अधिक वीज वाचेल, असा त्यांचा हिशेब होता. ही सूचना अमलात आली, तर कुरकुंभचा जानेवारीतील सूर्योदय घड्याळात सात वाजून अडतीस मिनिटांनी होईल. जुन्या मोजणीत चोवीस मिनिटांची एक घटिका धरीत. तेव्हा वाद आहे तो सव्वा घटिकेचा. एवढ्याशा काळाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. परंतु ही सव्वा घटिका कोणाच्या झोपेतून आणि कोणाच्या उजेडातून काढायची, हे आधी पाहिले पाहिजे.

पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. त्यामुळे पूर्वेकडील गावी सूर्य आधी माथ्यावर येतो आणि पश्चिमेकडील गावी मागाहून. आपल्या देशाची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरवलेली आहे. कुरकुंभ त्याच्या पश्चिमेस सुमारे आठ अंशांवर आहे. आठ चोक बत्तीस. म्हणजे घड्याळात बारा वाजतात, तेव्हा कुरकुंभच्या सूर्याला माथ्यावर येण्यास सरासरीने बत्तीस मिनिटे अवकाश असतो. याचा अर्थ असा, की हा अर्धा तास पुण्याकडील मुलखाने देशाच्या एकवेळेसाठी पूर्वीच देऊन टाकला आहे. आता जी मागणी आहे, ती दुसऱ्या अर्ध्या तासाची.

पहिला अर्धा तास कसा दिला गेला, त्याची हकीकत मोठी रंजक आहे. आगगाडी येण्यापूर्वी प्रत्येक गावाची दुपार त्या गावच्या सूर्याची असे. लग्नघरी पाण्यात घटिकापात्र तरंगत असे. ते बुडाले की घटिका भरली. १८५८ साली पुण्याहून डिकसळपर्यंत लोहमार्ग झाला आणि दौंडच्या बाजूस गाडी दिसू लागली. गाडीला मात्र गावोगावच्या निरनिराळ्या दुपारी परवडणाऱ्या नव्हत्या. एकाच रुळावर समोरासमोर धावणाऱ्या दोन गाड्यांच्या चालकांची घड्याळे वेगवेगळी असतील तर अनर्थ ओढवेल, हे उघड आहे. म्हणून पुढे रेल्वेने मद्रासची वेळ सर्वत्र स्वीकारली. मद्रासची वेळ दौंड-कुरकुंभच्या सूर्यापेक्षा तेवीस मिनिटांनी, म्हणजे जवळजवळ एका घटिकेने पुढे होती. सावली पाहून घराबाहेर पडणाऱ्या माणसाने ही घटिका ध्यानात धरली नाही, तर त्याची गाडी चुकलीच म्हणायची.

मुंबई शहराने ही घटिका मुकाट्याने दिली नाही. १८८१ च्या डिसेंबरात गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी इलाख्यातील सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लागू केली. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, तेच हे गृहस्थ. मुंबईच्या सूर्यापेक्षा अर्धा तास पुढची ही वेळ लोकांना रुचली नाही. विद्यापीठाने राजाबाई मनोऱ्यावरील घड्याळात मुंबईचीच वेळ ठेवण्याचे ठरवले, तेव्हा त्या घड्याळाच्या रात्रीच्या दिव्यांचा खर्च देण्याचे सरकारने नाकारले! सरकारने रागावावे आणि घड्याळाने अंधारात बसावे, असा तो प्रकार झाला. अखेर १८८३ साली तो हुकूम मागे घ्यावा लागला.

पुढे १ जानेवारी १९०६ पासून आजची भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटांनी पुढे होती. त्याच महिन्यात मुंबईच्या गिरणीकामगारांनी तिच्याविरुद्ध आवाज उठवला. त्यांपैकी फारच थोड्यांजवळ स्वतःचे घड्याळ असेल; परंतु गिरणीचा भोंगा नव्या वेळेने वाजू लागला म्हणजे एकोणचाळीस मिनिटे आधी उठायचे, हे त्यांना पंचांगकर्त्याइतकेच स्पष्ट कळत होते. महापालिकेनेही जुनी वेळ सोडली नाही. शहरातील काही घड्याळे एक वेळ दाखवीत, काही दुसरी. परकीय सरकारने लादलेली वेळ म्हणून तिच्याविषयी राग होता, हे खरेच. आणि म्हणून स्वातंत्र्यानंतर तो राग निवळला, हेही खरे. मुंबईची वेळ १९५५ साली कायमची मागे पडली. एका देशाला एक वेळ असावी, हे शहाणपण तोवर सर्वांना पटले होते. ते आजही खरे आहे. पण गिरणीकामगारांचा मूळ मुद्दा काही परकीय सरकाराबरोबर जहाजात बसून गेला नाही. भोंग्याबरोबर ज्याला उठावे लागते, त्याच्याच अंगावर घड्याळाचा बदल प्रथम येतो.

घड्याळ पुढे करून उजेड वाचवावा, ही कल्पना इंग्लंडात विल्यम विलेट नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने १९०७ साली एक पुस्तिका काढून मांडली. लोक उन्हाळ्यात उजाडल्यावरही झोपून राहतात, हे त्याला खटकत असे. पहिले महायुद्ध पेटले आणि १९१६ साली कोळशाच्या बचतीसाठी जर्मनीने, मग इंग्लंडाने ही युक्ती उचलली. दुसऱ्या महायुद्धात भारतातही ती आली. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सारा देश एक तास पुढे होता. त्या काळात कुरकुंभची खरी दुपार घड्याळातल्या दीड वाजता होत असे. युद्ध संपले आणि घड्याळ पुन्हा जागेवर आले.

इंग्लंडाची गोष्ट निराळी आहे. तेथे जूनमध्ये पहाटे पावणेपाचच्या सुमारास उजाडते, आणि तेही घड्याळ एक तास पुढे केल्यानंतर. डिसेंबरात दिवस कसाबसा आठ तासांचा असतो. आपल्याकडे कुरकुंभात सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर सर्वांत लहान अकरा तासांचा. जेथे उन्हाळ्यात सकाळचा उजेड वाया जाण्याइतका मुबलकच नाही, तेथे तो वाचवायचा कोठून?

तथापि या सूचनेच्या मागे एक खरी तक्रार आहे आणि ती झिडकारणे अन्यायाचे होईल. आसामात डिब्रुगडला जूनमध्ये पहाटे सव्वाचारला सूर्य उगवतो, आणि डिसेंबरच्या आरंभी तो दुपारी सव्वाचारच्या सुमारास मावळतो. कुरकुंभपेक्षा त्या गावचा सूर्य सुमारे एक तास वीस मिनिटे पुढे धावतो. कचेरी दहाला उघडते, तेव्हा तेथे दिवस अर्ध्यावर येऊ लागलेला असतो आणि कचेरी सुटते ती दिवे लावूनच. तेथील चहामळ्यांनी इंग्रजी अमदानीपासून आपली ‘बागान वेळ’ एक तास पुढे ठेवली आहे. २०१४ साली आसामचे मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी सबंध राज्यासाठी तीच वेळ घेण्याचा मानस प्रकट केला होता. पण ते घडले नाही. २०१८ साली राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी ईशान्येसाठी वेगळी, एक तास पुढची प्रमाणवेळ सुचवली. त्यातही अडचण पुन्हा रेल्वेचीच आहे.

मग पूर्वेला थोडे आणि पश्चिमेला थोडे सोसायला लावून सर्वांचे घड्याळ अर्धा तास सरकवावे, हा मध्यममार्ग वरवर न्यायाचा दिसतो. पण जरा खोल पाहिले, की डिब्रुगडची तक्रार त्याने अर्धीसुद्धा भागत नाही आणि कुरकुंभला मात्र नवी तक्रार मिळते. शिवाय विजेचा हिशेब जेव्हा झाला, तेव्हा घरोघरी साठ वॅटचे पिवळे दिवे होते. आज त्यांच्या जागी नऊ वॅटचे दिवे आले आहेत. संध्याकाळचा एक दिवा विझवून मिळणारा लाभ तेवढ्याने रोडावला. आणि तोच दिवा हिवाळ्यातील पहाटे लावावा लागला, तर उरलेल्या लाभातूनही काही भाग वजा होईल.

इतर देशांनी हा प्रयोग करून पाहिला आहे. तेलटंचाईच्या दिवसांत अमेरिकेने १९७४ च्या जानेवारीत घड्याळ वर्षभरासाठी एक तास पुढे केले. ही व्यवस्था १९७५ च्या एप्रिलपर्यंत टिकायची होती. पण मुले अंधारात शाळेच्या वाटेस लागली, आईबापांचा जीव वर-खाली होऊ लागला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हिवाळ्यापुरती जुनी वेळ परत आणावी लागली. रशियाने २०११ साली कायमची उन्हाळी वेळ स्वीकारली आणि काळोख्या सकाळींना लोक कंटाळले, तेव्हा २०१४ साली ती टाकली. ही राष्ट्रे काही हिशेबात कच्ची नव्हती. संध्याकाळी मिळणारा उजेड त्यांनी मोजला, सकाळी जाणारा मोजला नाही, एवढेच.

घड्याळाचा काटा कितीही पुढे ढकलला, तरी दिवसाच्या उजेडात एका निमिषाची भर पडत नाही. तो एकाच्या ताटातून दुसऱ्याच्या ताटात जातो. संध्याकाळी कचेरी सुटल्यावर फिरावयास जाणाऱ्यास तो अधिक मिळेल. पहाटे शाळेस जाणारे मूल, पहिल्या पाळीचा कामगार आणि दूध घालणारी गृहिणी यांना तो कमी पडेल. ज्यांची संध्याकाळ मोकळी आहे, त्यांच्यासाठी ज्यांची पहाट बांधलेली आहे त्यांनी अंधार सोसावा, हा व्यवहार बरा नव्हे.

आणि त्याची आवश्यकता तरी कोठे आहे? काट्याला हात न लावता कामाच्या वेळा बदलता येतात. महाराष्ट्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले. मुलांची झोप पुरी होत नाही, हे त्यामागचे कारण होते. घड्याळ होते तसेच राहिले. शाळेची घंटा तेवढी उशिरा वाजू लागली. आसामच्या कचेऱ्या व विद्यालये अशाच रीतीने आठला उघडावीत, चारला सुटावीत; त्यासाठी मिर्झापूरचे रेखावृत्त हलवण्याचे कारण नाही. हा निर्णय तेथील लोकांनी घ्यावा, आणि दिल्लीने त्यात आडकाठी करू नये.

खेड्यापाड्यांतील शाळांना ही रीत नवी नाही. उन्हाचा ताप वाढला, की दिवसभराची शाळा सकाळची होते. फळ्यावर नवी वेळ लिहिली जाते आणि दुसऱ्या दिवशी मुले गारव्यातच शाळेत येतात. पावसाळ्यात शाळा पुन्हा उघडते, तेव्हा घंटा आपल्या जागी परत आलेली असते.