खुंटीवरची ठासणीची बंदूक

वांगणी म्हटलं की मुंबईकराला बदलापूरच्या पुढचं स्टेशन आठवतं. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात आणखी एक वांगणी आहे. तिथे लोकल जात नाही. तिथे उतारावर नाचणी आहे, वरी आहे, आणि पीक भरात आलं की रात्री शेतात घुसणारी रानडुकरं आहेत. अशा मुलखातल्या घरात जुनी बंदूक हौसेखातर आलेली नसते. कोयता-कुऱ्हाडीसारखी तीही कामाला, म्हणजे राखणीला आलेली असते.

कायद्यालाही हे ठाऊक होतं. १९५९चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२पासून लागू झाला. त्याच्या तेराव्या कलमात ठासणीच्या बंदुकीचं नाव घेऊन म्हटलं आहे की पिकाच्या राखणीसाठी ती खरोखरच हवी असेल तर परवाना द्यावा. तिने भागत नसेल तर दुसऱ्या प्रकारची बंदूक देण्याचीही सोय त्याच कलमात आहे.

तिने भागण्यासारखं नव्हतंच म्हणा. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, पुन्हा चिंधी. सगळं गजाने ठासायचं. घोड्याखाली टोपी बसवायची आणि मग चाप ओढायचा. दारू दमट असेल तर नुसताच खट्ट आवाज. बार उडाला तरी दुसरा भरेपर्यंत डुक्कर शेजारच्या शिवारात पोचलेलं. तरीही बार उडाला की रान हलायचं, आणि राखणीला तेवढं पुरायचं.

या डोंगरपट्ट्यातल्या जुन्या बंदुकीने दोन राजवटी पाहिलेल्या असू शकतात. जव्हारचं मुकणे घराणं महादेव कोळ्यांचं आणि संस्थानाची परंपरा १३४३पर्यंत मागे नेली जाते. डोंगराखालच्या ब्रिटिश मुलखात १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना मात्र मोकळीक दिली. वर संस्थानात हुकूम राजाचा. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात विमानदलात होते. १९४८मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि कागद ठाण्याला जाऊ लागले. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला, तसे ते पालघरला वळले. खटक्याच्या पट्टीवर मुकुट आणि ‘टॉवर’ अशी अक्षरं असलेली बंदूक कुणाच्या माळ्यावर निघाली, तर ती लष्करी घडणीची विलायती बंदूक तिथवर कशी पोचली, हा इतिहासाचा प्रश्न आहे. पण तो विचारला जाण्याआधी दुसराच प्रश्न उभा राहतो: परवाना कुठे आहे?

परवाना माणसाच्या नावाचा असतो. माणूस गेला की बंदूक घरातच राहते, पण तिला कायद्याने धनी उरत नाही. वारसाने पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ती जमा करायची आणि स्वतःच्या नावाने अर्ज करायचा, ही सरळ वाट. त्याहून सोपी वाट २०१६च्या शस्त्र नियमांत आहे. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली, की तो हयातीतच ती वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करू शकतो. सातबाऱ्यावर नाव चढवण्यासाठी तलाठ्याकडे दहा हेलपाटे घालणाऱ्या घरांनाही ही तरतूद माहीत नसते. मग एक दिवस आजोबा जातात. वर्षश्राद्ध उरकल्यावर माळा झाडताना गोणपाटात गुंडाळलेली नळी सापडते, आणि घर घाबरतं.

घाबरण्यासारखंच आहे. २०१९च्या दुरुस्तीने साधी बंदूक विनापरवाना बाळगण्याची शिक्षा वाढवून किमान दोन ते कमाल पाच वर्षांची कैद केली. त्याच दुरुस्तीने एका परवानाधारकाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. वारशाने मिळणारी बंदूकही त्या दोनातच धरायची. विधेयकात तर आधी एकच बंदूक होती. तेव्हा अशा घरात वाटा सुचतात त्या तीन: विहीर, जंगल, नाहीतर हात जोडून पोलीस ठाणं. यातली तिसरीच कायदेशीर, पण इतिहासाच्या दृष्टीने तीही विहीरच. जमा झालेली वस्तू कुणाची, कुठली, कोणत्या कामाची, हे मुद्देमालाच्या चिठ्ठीवर मावत नाही.

इथे एक बारीकशी फट आहे. फेब्रुवारी २०२०मध्ये केंद्रीय गृहखात्याने नियम बदलले आणि स्पष्ट केलं की ‘क्युरिओ’, म्हणजे संग्राह्य जुनी वस्तू या वर्गात मोडणारी बंदूक मिळवायला व बाळगायला भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. वापरायला मात्र लागतो, जवळ घेऊन फिरायलाही लागतो, आणि एका जागेहून दुसरीकडे न्यायलाही लागतो. परवान्यावर नोंद असल्याखेरीज तिच्यासाठी दारूगोळा विकता येत नाही. वापरावर बंधन हवंच, त्यात वाद नाही. पण हा नियम वांगणीत नेऊन पाहा. बंदूक भिंतीवर टांगलेली चालते. ती क्युरिओ आहे की नाही, हे जाणकाराकडून तपासून घ्यायला एसटीत घालून जव्हारला नेली, की गुन्हा. शिवाय मुळात ती क्युरिओ आहे असं घरातल्याने स्वतःच धरून चालायचं, आणि अंदाज चुकला तर पाच वर्षांपर्यंतचा धोका पत्करायचा.

अधिनियमाचं पंचेचाळिसावं कलम पुरातन आणि कालबाह्य शस्त्रांना कायद्यातूनच वगळतं खरं, पण दुरुस्त करूनही ती बंदूक म्हणून चालण्याजोगी नसतील तरच. गावच्या लोहाराच्या हाताला गुण असेल, तर दीडशे वर्षांची ठासणीची बंदूकही दुरुस्त होते. म्हणजे वस्तू जितकी नीट जपावी तितकी ती कायद्याच्या कचाट्यात, आणि गंजू दिली तर मोकळी. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ हे साल रेघेसारखं ओढलेलं आहे. त्या सालापर्यंत घडलेली बंदूक प्राचीन धरली जाते. ती रेघ इथे जशीच्या तशी ओढावी असं कुणी म्हणणार नाही, कारण इथली ठासणीची बंदूक कालपरवापर्यंत कामावर होती.

आणि काही ठिकाणी बंदुका आजही कामावर आहेत, ही या गोष्टीची वाईट बाजू. २०२५च्या जानेवारीअखेरीस याच पालघर जिल्ह्यात, मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात, गावकऱ्यांची टोळी रानडुकरांच्या शिकारीला गेली होती. मागून येणाऱ्या आपल्याच माणसांना डुकरं समजून बार झाला आणि एक जण जागीच गेला. बाकीच्यांनी पोलिसांना कळवण्याऐवजी प्रेत झुडपात लपवलं. १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार शिकार हाच गुन्हा असल्याने एका अपघातावर दुसरं पाप चढलं. तेव्हा कर्नाटकातल्या कोडगूत कोडवा समाजाला मिळते तशी परवान्यातून सूट (२०१९मध्ये केंद्राने ती २०२९पर्यंत वाढवली) जव्हार-मोखाड्याला द्या, अशी मागणी करण्यात अर्थ नाही. तिथे बंदुकीच्या पूजेचा सण आहे, जमिनीच्या हक्काशी जोडलेली जुनी रीत आहे. इथे खंडेनवमीला हत्यारांवर फूल वाहिलं जातं, पण त्यात विळ्याचा मान बंदुकीपेक्षा कमी नाही.

मागणी त्याहून साधी करता येईल. जव्हार आणि मोखाड्यात वर्षातून एकदा जिल्हाधिकारी कार्यालयाने तपासणी शिबिर भरवावं. पोलीस, पुरातत्त्व खात्याचा जाणकार आणि बंदुकीचा कारागीर एका टेबलाशी बसावेत. ठरलेल्या मुदतीत जुनी बंदूक स्वतःहून दाखवणाऱ्यावर विनापरवाना बाळगल्याचा गुन्हा नोंदवू नये, आणि पाड्यावरून ती आणण्याचं काम पोलिसांच्याच गाडीने करावं, म्हणजे वाहतुकीचा पेच सुटला. क्युरिओ ठरली तर हातात लेखी दाखला. चालती ठरली तर वारसाचा अर्ज तिथेच भरून घ्यायचा. ज्यांना ठेवायची नाही त्यांची बंदूक निकामी करून, घराण्याच्या आणि गावाच्या नावानिशी, जव्हारलाच ठेवावी. नगरपरिषदेने शंभरी ओलांडली आहे, तिला एक दालन जड नाही. रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून परत आणायला महाराष्ट्राने २०२५मध्ये ४७ लाखांवर रुपये मोजले, आणि ते योग्यच झालं. पाड्यावरची बंदूक राखायला त्याच्या व्याजाएवढाही खर्च यायचा नाही.

जव्हारजवळच्या शिरपामाळाची गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे. १६६४च्या सुरत स्वारीच्या वाटेवर शिवाजी महाराज तिथे थांबले, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांना शिरपेच दिला आणि माळाला त्याचं नाव पडलं, असं सांगतात. एका वस्तूवरून माळ ओळखणाऱ्या लोकांना वस्तूंची किंमत शिकवावी लागत नाही.

शिबिर भरलंच, तर टेबलावरचं पहिलं काम मात्र कागदाचं नसावं. गज नळीत सोडायचा, तोंडाशी खडूने खूण करायची, आणि बाहेर काढून नळीच्या अंगाला लावून पाहायचा. खूण तोंडाशी ठेवल्यावर गजाचं टोक बुडापासून चार बोटं अलीकडेच थांबत असेल, तर आत कधीतरी ठासलेला बार अजून तसाच आहे. काळी दारू कोरडी राहिली तर पन्नास वर्षांनीही पेटते, आणि कुणाच्या आजोबांनी कोणत्या रात्री, कोणत्या डुकरासाठी ती भरून ठेवली होती, हे सांगायला घरात आता कुणी नाही.