इंग्रजीच्या तासाला मनातले बोलायलाही शिकवावे



आमच्या बाबांच्या वेळी इंग्रजी विषय पाचवीपासून होता. आपल्या महाराष्ट्रात २००० सालापासून तो पहिलीपासून सुरू झाला. म्हणजे आम्ही चौथीची मुले चार वर्षे इंग्रजी शिकत आहोत. आम्हाला रंग, फळे, प्राणी, वार, महिने यांची नावे येतात. 'सिट डाउन' म्हटले की आम्ही बसतो, 'स्टँड अप' म्हटले की उठतो. पण काय व्हावेसे वाटते आणि कशाची हळहळ वाटते, हे इंग्रजीत सांगता येत नाही. माझ्या मते हे चौथीतच शिकवायला पाहिजे.

मराठीत तर आपण असे रोज बोलतो. पेरणी लांबली की आजोबा म्हणतात, "मिरगाचा पाऊस पडला असता तर पेरणी साधली असती." आजी म्हणते, "मला शाळेत घातलं असतं तर मीपण पोथी वाचली असती." बाई आम्हाला 'मला पंख असते तर' असा निबंध घालतात. तो सगळी मुले आनंदाने लिहितात. मग इंग्रजीतच ते अवघड का?

काही मोठी माणसे म्हणतात, हे व्याकरण कठीण आहे, पुढच्या वर्गात बघू. पण नियम पाठ करायची गरजच नाही. आपल्या गावच्या जत्रेचेच उदाहरण घ्या. जत्रेच्या आधी आपण म्हणतो, "मामा येऊ दे." इंग्रजीत म्हणायचे, 'आय होप मामा कम्स.' जत्रा भरली, पाळणा फिरतोय, पण मामा नाही. "मामा आत्ता इथं असता तर!" म्हणजे 'आय विश मामा वेअर हिअर.' जत्रा संपली, मामा आलाच नाही. "मामा आला असता तर किती बरं झालं असतं!" म्हणजे 'आय विश मामा हॅड कम.' अजून घडू शकते तिथे 'होप' आणि जे नाही किंवा घडले नाही तिथे 'विश'. एवढे कळले की पुढची वाक्ये आपली आपल्याला करता येतात.

कुणी विचारेल, 'वेअर' हे भूतकाळाचे रूप आत्ताच्या गोष्टीला कसे? पण मराठीत बघा. "पाऊस आला तर छत्री उघड," असे आपण म्हणतो. 'आला' म्हणतो, पण पाऊस अजून आलेला नसतो! म्हणून आधी मराठी वाक्य सांगून मग इंग्रजी सांगितले तर लवकर समजते.

हळहळ शिकवताना मात्र एक काळजी घ्यावी. कुणाच्या घरी दुःख झालेले असते. ते सगळ्यांसमोर सांगायला लावू नये. त्यापेक्षा गोष्टीतला ससा घ्यावा. शर्यत हरल्यावर तो म्हणेल, 'आय विश आय हॅड नॉट स्लेप्ट.' मुले हसतील आणि वाक्यही लक्षात राहील.

नुसते हुकूम आणि नावे शिकलो तर आम्हाला दुसऱ्याचे ऐकता येईल, पण आपले सांगता येणार नाही. परक्याच्या घरी पाणी मागायलासुद्धा लाज वाटते, तशी मग इंग्रजीची लाज वाटत राहते. पुढे शिकायला किंवा नोकरीला शहरात गेल्यावर आपली इच्छा आपल्यालाच सांगावी लागेल.

म्हणून गुरुजींना आणि बाईंना माझी नम्र विनंती आहे, की रोज इंग्रजीच्या तासाला पाच मिनिटे एकेका मुलाला मनातली एक इच्छा बोलू द्यावी. चुकले तरी हसू नये. आणि पालकांनो, तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी चालेल. तुमची इच्छा आम्हाला मराठीत सांगा. आम्ही ती इंग्रजीत करून दाखवू.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी