साथ गेली, पण १८८ चा कागद गेला का?

६ ऑगस्ट २०२१ रोजी भंडारा जिल्ह्यातला शेवटचा सक्रिय कोरोना रुग्ण बरा होऊन घरी गेला. त्याच वर्षी १८ एप्रिलला, रमजानच्या पहिल्याच आठवड्यात, जिल्ह्यात १२,८४७ सक्रिय रुग्ण होते. एकूण १,१३३ जणांचा जीव गेला. या काळात सर्वसामान्य माणसाला सरकार भेटलं ते बहुतेक वेळा खाकी वर्दीत. म्हणून पोलीस ठाण्यांच्या कारभाराचा हिशोब शांतपणे मांडायला हवा.

आधी एक गोष्ट मान्य करू. ठाण्यांवर न पेलणारं काम पडलं होतं. नाकाबंदी, प्रतिबंधित क्षेत्राचा बंदोबस्त, लाखनी-साकोलीमार्गे छत्तीसगडकडे पायी निघालेले मजूर, शिवाय रोजची कामं वेगळीच. राज्यात कितीतरी पोलीस कर्तव्यावर असताना आजारी पडले, काहींचा इंतकाल झाला. त्यांच्या मेहनतीवर प्रश्न नाही. प्रश्न त्यांच्या हातात दिलेल्या हत्याराचा आहे.

ते हत्यार म्हणजे भारतीय दंड विधानाचं कलम १८८. १८९७ च्या साथरोग कायद्याचा आदेश मोडला की शिक्षा याच कलमाखाली. दुकान उघडं ठेवलं, विनाकारण फिरला, नमाजला गर्दी केली, सगळ्याला एकच कलम. पण फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९५ नुसार या गुन्ह्याची दखल कोर्टाला घ्यायची तर संबंधित अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते. नुसत्या एफआयआरवर भागत नाही. घाईत नोंदवलेले गुन्हे इथेच अडकतात.

घाईला पूर्वग्रहाची जोड मिळाली की काय होतं, ते तबलीगी जमातच्या प्रकरणांत दिसलं. भंडारा ज्या नागपूर खंडपीठाच्या हद्दीत येतो, त्याच खंडपीठाने २१ सप्टेंबर २०२० रोजी म्यानमारच्या आठ नागरिकांवरचा गुन्हा रद्द केला. तो नागपूरच्या तहसील पोलीस ठाण्यात दाखल होता. त्यांनी आजार पसरवल्याचा पुरावाच नव्हता. महिनाभर आधी, २१ ऑगस्टला, औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा बनवल्याचं मत नोंदवलं. दिल्लीत तर ७० भारतीयांवरचे १६ गुन्हे रद्द व्हायला १७ जुलै २०२५ उजाडलं. पाच वर्षं! कोर्टाने न्याय दिला, पण तोवर मोहल्ल्याकडे संशयाने बघणाऱ्या नजरा आपण सोसल्याच ना?

गुन्हा छोटा असला तरी नोंद छोटी नसते. पासपोर्ट, नोकरी, चारित्र्य पडताळणी, प्रत्येक ठिकाणी ती पुढे येऊ शकते. राज्य सरकारने २०२२ मध्ये कोरोना काळातले कलम १८८ चे खटले मागे घेण्याचा निर्णय घेतला. सरकारी कर्मचाऱ्यांवर हल्ल्याची प्रकरणं त्यातून वगळली. मात्र निर्णय झाला म्हणजे खटला आपोआप मिटला, असं नाही. खटला मागे घ्यायला सरकारी वकिलाला कोर्टाची परवानगी घ्यावी लागते.

त्यामुळे घरातल्या कुणावर तेव्हा गुन्हा दाखल झाला असेल, तर गप्प बसू नका. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नाव किंवा गुन्हा क्रमांक टाकून खटल्याची स्थिती बघा. प्रलंबित दिसला तर वकिलामार्फत अर्ज करा. निकाली निघाला असेल तर आदेशाची प्रमाणित प्रत काढून घरी जपून ठेवा.

आणि पुढच्या साथीचं काय? १ जुलै २०२४ पासून १८८ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ ने घेतली. जुन्या कलमात दंड २०० किंवा १,००० रुपये होता, आता तो २,५०० ते ५,००० पर्यंत जाऊ शकतो. तुरुंगवासही वाढला. म्हणजे ठाणेदाराच्या हातातली काठी जड झाली आहे.

म्हणूनच काठीआधी संवाद हवा. आदेश निघाल्याबरोबर तो मशिदीच्या ट्रस्टींना, शांतता समितीला आणि गावच्या पोलीस पाटलाला लेखी मिळाला पाहिजे. पहिल्या चुकीला समज, मग गुन्हा. आपल्या बाजूनेही जबाबदारी आहेच. रमजान २०२० मध्ये आपण तरावीह घरी पढली, ईदची नमाजही घरीच अदा केली. जो समाज स्वतःहून एवढं पाळतो, त्याच्याशी आधी बोलावं, एवढीच अपेक्षा आहे. शांतता समितीची पुढची बैठक होईल तेव्हा तुमच्या मोहल्ल्यातून हा मुद्दा कोण मांडणार, ते आजच ठरवा.