न दुखणारी गाठ

ऑक्टोबर महिना उजाडला की महानगरांतील इमारतींवर गुलाबी रोषणाई होते, फिती वाटल्या जातात, पहाटे धावण्याच्या शर्यती होतात. स्तनाच्या कर्करोगाविषयीच्या जागृतीचा हा महिना पाश्चात्त्य देशांतून आपल्याकडे आला आणि येताना बाजाराचे रंगही पुष्कळ घेऊन आला. तरीही परदेशी रूढी म्हणून त्याकडे पाहून नाक मुरडणे आपल्याला परवडणारे नाही. २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा आजार झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच. शिवाय पाश्चात्त्य स्त्रियांच्या तुलनेत आपल्याकडे तो सरासरीने दहाएक वर्षे आधी गाठतो. आपली लोकसंख्याच तरुण आहे, हे त्याचे एक कारण. पण कारण काहीही असो, पस्तिशीतली, कडेवर मूल असलेली स्त्री कर्करोग रुग्णालयाच्या बाकावर दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही.

या तरुण स्त्रीचे काय करायचे, हा आजच्या लेखाचा विषय आहे. कारण जागृतीची जी भाषा सर्वत्र बोलली जाते, ती बहुतांशी पन्नाशीच्या स्त्रीसाठी तयार झालेली आहे. मॅमोग्राफी करून घ्या, असे सांगितले जाते. परंतु तरुण वयात स्तनाची पेशीरचना दाट असते आणि क्ष-किरणाच्या चित्रात ती पांढरी उमटते. गाठही पांढरीच उमटते. पांढऱ्यावरचे पांढरे ओळखू येत नाही, त्यामुळे कित्येकदा असलेली गाठ सुटते आणि नसलेली दिसल्याचा भास होतो. म्हणूनच चाळिशीच्या आतील, घराण्यात हा आजार नसलेल्या आणि कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रीची सरसकट मॅमोग्राफी करण्याची शिफारस सहसा केली जात नाही. महाविद्यालयातील मुलींसाठी मॅमोग्राफीची गाडी मागवून शिबिराचे छायाचित्र छापून आणणारे संयोजक आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार करीत असतात.

मग दरमहा स्वतःच स्वतःची तपासणी करावी काय? याचीही कसोटी झालेली आहे. शांघायमधील कापड गिरण्यांतील अडीच लाखांहून अधिक कामगार स्त्रियांवर एक मोठी पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना स्वतपासणीचे पद्धतशीर शिक्षण दिले होते, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण इतरांहून कमी झाले नाही. निरुपद्रवी गाठींच्या शस्त्रक्रिया मात्र वाढल्या. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून याहून वेगळा प्रयोग केला. झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वयोगटाच्या दीड लाख स्त्रियांचे दोन गट करून एका गटाची प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करण्यात आली. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या गटात आजार अलीकडच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमधील मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. कोणतेही महागडे यंत्र न वापरता मिळालेले हे यश आपल्या देशाने अभिमानाने सांगावे असे आहे. परंतु पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही, हेही त्याच अहवालात प्रामाणिकपणे नोंदवलेले आहे.

या दोन्ही पाहण्यांमुळे निराश होण्याचे कारण नाही. त्यांचा अर्थ एवढाच की, तरुण स्त्रीचा आजार बाहेरून चाळणी लावून हुडकण्याचे खात्रीचे साधन अद्याप हाती नाही. तिचा आजार बहुधा तिलाच प्रथम कळतो, तोही स्नान करताना, कपडे बदलताना, मुलाला दूध पाजताना. तेव्हा तिला आपल्या शरीराची नेहमीची ठेवण माहीत असणे आणि त्यात पडलेला फरक तिने त्वरित बोलून दाखवणे, एवढ्यावरच सगळे अवलंबून राहते. आणि नेमके इथेच आपले घर आडवे येते.

मध्यमवर्गीय मराठी घरात ‘गाठ आली आहे’ एवढे वाक्य कसेबसे उच्चारले जाते. कुठे, ते सांगितले जात नाही. विवाहित स्त्री आधी सासूबाईंना सांगू की यजमानांना, याच विचारात महिना काढते. दिवाळी होऊ दे, मुलांच्या परीक्षा होऊ देत, नणंदेचे लग्न पार पडू दे, असे करता करता सहा महिने जातात. मुलगी अविवाहित असेल तर ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ या न्यायाने सारे घरच गप्प बसते, कारण स्थळांकडे बातमी जाण्याची धास्ती. त्यात भर म्हणजे सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणजे साधी, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा ठोकताळा इथे उलटा पडतो. बाळंतिणीच्या बाबतीत तर प्रत्येक गाठीला ‘दूध साखळले आहे’ असे म्हणून शेक सांगितला जातो. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण दोन आठवड्यांत न विरघळणारी गाठ दुधाची म्हणून सोडून देता येत नाही. गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळातही कर्करोग होतो.

हे लिहिताना भीती पसरवण्याचा हेतू नाही. विशी-तिशीतील स्त्रियांच्या दहा गाठींपैकी बहुतेक निरुपद्रवीच निघतात. पण कोणती निरुपद्रवी, हे आजीने किंवा शेजारणीने ठरवायचे नाही. पाळी येऊन गेल्यावर आठवडाभराने स्तन मऊ असतात, त्या दिवसांतही गाठ कायम राहिली, त्वचेला खळी पडली किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, बोंड आत ओढले गेले, त्यातून रक्तमिश्रित स्राव आला, काखेत गाठ लागली, तर शल्यचिकित्सक गाठावा. तपासणीचा क्रमही ठरलेला आहे. आधी हाताने तपासणी, मग वयानुसार सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि शंका राहिल्यास सुईने तुकडा काढून त्याची सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षा. ‘सुई लावली की कर्करोग पसरतो’ हा समज सुशिक्षितांतही घट्ट आहे. त्याला आधार नाही. खरा घात होतो तो निदान न करताच कोणीतरी घाईने गाठ कापून टाकतो आणि ती प्रयोगशाळेत पाठवतच नाही तेव्हा. पुढच्या उपचारांचा सगळा नकाशाच त्यामुळे बिघडतो.

दुसरी भीती शस्त्रक्रियेची. कर्करोग म्हणजे स्तन गमावणे, हे समीकरण एकेकाळी खरे होते. इटलीतील मिलान येथील डॉ. व्हेरोनेसी यांनी लहान गाठींच्या बाबतीत स्तन राखून केलेली शस्त्रक्रिया व त्यापुढील किरणोपचार तितकेच परिणामकारक ठरतात, हे १९८१ मध्ये दाखवले. वीस वर्षांनंतरच्या पाहणीतही ते टिकले. ही सवलत प्रामुख्याने गाठ लहान असतानाच मिळते. तरुण स्त्रीला पुढे मूल हवे असेल तर तेही उपचार सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे लागते, म्हणजे बीजांडे राखून ठेवण्याचा विचार करता येतो. हा प्रश्न विचारायलाही अनेक जोडपी संकोचतात.

काही घराण्यांत हा आजार वारशाने येतो. असे रुग्ण शंभरात पाच ते दहाच असतात, पण तरुण वयातील रुग्णांत त्यांचा वाटा अधिक असतो. १९९४ व १९९५ मध्ये यासंबंधीची दोन जनुके सापडली. दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येऊ शकतो, ही गोष्ट आपल्याकडे जवळजवळ कोणालाच ठाऊक नसते. आत्याला कोणत्या वयात काय झाले होते, हे भाचीला ठाऊक असले पाहिजे. घरातील स्त्रीला ज्या वयात आजार झाला, त्याच्या साधारण दहा वर्षे आधी मुलींची तपासणी सुरू करावी, असा संकेत डॉक्टर पाळतात. कुळाचार आणि गोत्र मुखोद्गत असलेल्या घरांनी एवढी एक माहिती वंशावळीत जोडण्यात लाजण्यासारखे काय आहे?

शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यानुसार तिशीपुढील स्त्रियांची दर पाच वर्षांनी स्तनतपासणी व्हायची आहे. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी अशी तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या स्त्रिया देशभरात ०.९ टक्के, म्हणजे शंभरात एकही नाही, इतक्याच आढळल्या. ही दरी शासनाने भरून काढायची, हे खरेच. पण वस्त्यावस्त्यांत आरोग्य शिबिरे घेणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनाही यात वाटा उचलता येईल. शिबिरात स्त्री डॉक्टर हवी आणि आडोसा हवा. व्याख्यान केवळ महिलांसाठी न ठेवता पती व सासू यांना समोर बसवून द्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार समाविष्ट आहेत, हे अर्ज भरून घेताना समजावून सांगावे. आणि गाठ आढळलेल्या स्त्रीच्या हाती केवळ चिठ्ठी देऊन भागत नाही. पहिल्यांदा डॉक्टरकडे गेल्यापासून साठ दिवसांत निदान पूर्ण व्हावे, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने ठेवले आहे. त्या साठ दिवसांत तिची रोजी बुडणार आहे, मूल कोणाकडे तरी ठेवावे लागणार आहे, रुग्णालयात तिसऱ्या खिडकीवरून पाचव्या खिडकीवर जावे लागणार आहे. शिबिराच्या वहीत तिच्या नावापुढे, तिच्या सोबत जाणाऱ्या भगिनीचे नाव आणि जाण्याची तारीख त्याच दिवशी लिहिली जावी.