परत दिलेला रोल

समूहछायाचित्राच्या दिवशी आमच्या महाविद्यालयातील मुली आपोआप अंग चोरून बसतात. पर्स मांडीवर, कोपरे आत. छायाचित्रकार ‘मोकळ्या बसा’ म्हणतो, तशा त्या आणखीच आक्रसतात. (प्राध्यापक मंडळी मधल्या खुर्च्यांवर ऐसपैस असतात, हे ओघानेच आले.) मोकळेपणा असा फर्मावून येत नाही.

दयानिता सिंग १९८९ साली लंडनच्या एका वृत्तपत्रासाठी दिल्लीतील हिजड्यांची छायाचित्रे काढत होत्या. मोना अहमद यांनी ती काढू दिली; पण ती इंग्लंडमध्ये छापली जाणार हे कळताच नकार दिला. तिथे त्यांचे नातेवाईक होते. सिंग यांनी रोल त्यांच्या हाती दिला. पुढची सारी मैत्री तिथून सुरू झाली.

२००१ साली ‘मायसेल्फ मोना अहमद’ हे पुस्तक आले. त्यात मोना दत्तक मुलीच्या वाढदिवशी नाचतात, कबरस्तानातल्या आपल्या घरात एकट्या बसतात, रडतात. चौकट त्यांना पुरत नाही असे वाटत राहते. सोबतचा मजकूरही त्यांचाच, प्रकाशकाला पाठवलेल्या ई-मेलमधला. तरीही पुस्तक दयानिता सिंग यांचे म्हणूनच ओळखले जाते. ही विषमता मैत्रीने मिटत नाही, आणि ती मिटली असे म्हणणारी समीक्षा मला भाबडी वाटते. मात्र मोनांची ती ऐसपैस बैठक सिंग यांच्या कौशल्यापेक्षा त्या जुन्या नकारातून आली आहे, असे माझे मत आहे. ‘नको’ म्हटलेले एकदा ऐकले गेले होते.

मोना २०१७ साली वारल्या. त्या रोलवरची छायाचित्रे मला पाहावीशी वाटत नाहीत.