घरच्या वेधशाळेला आधी वारा द्या

गच्चीवर किंवा शेतावर छोटी वेधशाळा उभारायची तयारी करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. सहा इंचीऐवजी आठ इंची दुर्बीण घेण्याचा हिशेब मांडण्याआधी त्या खोलीत हवा कशी खेळणार, याचा हिशेब मांडा. मोठी दुर्बीण घेऊनही गुरूचे पट्टे धूसरच दिसतात, अशी तक्रार बरेच जण करतात आणि दोष आकाशाला देतात. पुष्कळदा ती धूसरता घरचीच असते.

खात्री करून घ्यायची असेल तर एखाद्या ठळक ताऱ्यावर दुर्बीण रोखा आणि फोकस मुद्दाम बिघडवा. ताऱ्याची मोठी गोल चकती दिसेल. त्या चकतीवरून संथ, वळवळते पट्टे एकाच दिशेने सरकत असतील, तर ती नळीतली किंवा खोलीतली गरम हवा आहे. आता नळीच्या तोंडाशी तळहात धरून पाहा. हाताच्या उबेचा लोटसुद्धा चकतीत स्पष्ट दिसतो. नुसत्या हाताने एवढे होते, मग दिवसभर तापलेला पत्रा काय करत असेल?

गरम आणि थंड हवा प्रकाशाला वेगवेगळे वळवतात. बाहेर बावीस अंश आणि आत अठ्ठावीस असतील, तर छत उघडताच आतली हवा दुर्बिणीच्या वाटेनेच वर निघते. जाड काचेचा आरसा सगळ्यांत हळू निवतो. आठ इंची आरशाला तास-दीड तास सहज लागतो, आणि तोवर त्याच्या पृष्ठभागावर उबदार हवेचा थर बसून राहतो. आरशामागे बारा व्होल्टचा, संगणकात असतो तसा छोटा पंखा मंद गतीने चालवला तर हा वेळ बराच कमी होतो. मंद गतीने अशासाठी, की जोरात फिरणाऱ्या पंख्याने नळी थरथरते.

आपल्याकडची मोठी अडचण म्हणजे सिमेंटचा स्लॅब. एप्रिल-मेमध्ये तो मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. वेधशाळेची जमीन थेट स्लॅबवर न ठेवता चार-सहा इंच वर लाकडी फळ्यांची करा आणि खालून वारा जाऊ द्या. आसपासच्या स्लॅबला पांढरा उष्णतारोधक रंग किंवा निदान चुना लावा. पत्राही बाहेरून पांढराच हवा. नुसता चकचकीत जस्ती पत्रा उन्हात पांढऱ्यापेक्षा कितीतरी जास्त तापतो. जमत असेल तर पत्र्याऐवजी मध्ये फोम असलेले पफ पॅनेल वापरा. तो खर्च वाया जात नाही.

आता झरोक्यांबद्दल. गरम हवा वर जाते, म्हणून एक झरोका उत्तरेच्या, सावलीच्या भिंतीत जमिनीलगत आणि दुसरा समोरच्या भिंतीत छताखाली ठेवा. वरचा झरोका खालच्यापेक्षा लहान नको. एकच खिडकी ठेवून वर पंखा लावणारे खूप आहेत. त्याने आतली हवा आतच फिरते. दोन्ही झरोक्यांना तिरक्या पट्ट्या आणि बारीक जाळी हवी, नाहीतर पाऊस, पाली आणि गांधीलमाश्या आत येतील. जाळीने हवा अडते, म्हणून झरोके थोडे मोठेच धरा.

पंख्याचे गणित सोपे आहे. तीन मीटर लांब, तीन रुंद आणि अडीच उंच खोलीत साडेबावीस घनमीटर हवा असते. दर तीन मिनिटांनी ती पूर्ण बदलायची, तर ताशी साडेचारशे घनमीटर हवा खेचणारा एक्झॉस्ट फॅन पुरतो. विकत घेताना हा आकडा विचारून घ्या. छोट्या सौर पॅनेलवर थेट चालणारा पंखा मला सर्वांत आवडतो, कारण ऊन वाढले की तो आपोआप जोरात फिरतो आणि कुणाला बटण दाबावे लागत नाही.

एसी लावावा का, असे विचारले जाते. चिलीतल्या पारानाल इथल्या आठ मीटरच्या मोठ्या दुर्बिणींची घुमटघरे दिवसा गार ठेवतात, पण रात्रीचे तापमान किती असेल याचा अंदाज घेऊन तेवढीच. आपण अठरा अंशांवर एसी लावला आणि रात्री दमट हवेत छत उघडले, तर आरशावर दव धरलेच म्हणून समजा. घरच्या वेधशाळेला सावली, पांढरा रंग आणि वारा पुरेसा आहे.

पावसाळ्यात मात्र हे सगळे उलटते. जूनपासून बाहेरची हवाच ओली असते. तेव्हा झरोके बंद करता आले पाहिजेत, म्हणून त्यांना झडपा सुरुवातीलाच बसवा. दुर्बिणीला प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका. ओल आत कोंडते आणि भिंगांवर बुरशी धरते. बुरशीने कोटिंग खाल्ले की ते परत येत नाही. कोकणात आणि मुंबईत तर पावसाळ्याचे चार महिने दुर्बीण खाली घरात आणणेच शहाणपणाचे. आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

पाण्याची काळी टाकी, शेजारच्या एसीचे बाहेरचे यंत्र आणि स्वयंपाकघराची चिमणी यांच्यावरून ग्रह पाहावे लागणार नाहीत, अशी जागा निवडा. पाहुणे आले तर त्यांना दुर्बिणीच्या तोंडाखाली गोळा होऊ देऊ नका. बसलेला माणूससुद्धा साधारण शंभर वॅटच्या दिव्याएवढी उष्णता देतो. लॅपटॉप आणि लिथियमच्या बॅटऱ्या दिवसा तिथे ठेवूच नका.

सूर्य पूर्ण मावळला की लगेच छत सरकवा, नळीचे झाकण काढा आणि जेवायला जा. एक तापमापक आत आणि एक बाहेर टांगा. दोन्हींत एखाद्या अंशाचाच फरक उरला की मोठ्या शक्तीचा आयपीस लावा. दिवाळीनंतर आकाश स्वच्छ होते, तेव्हा झरोके आणि पंख्याचे काम त्याआधीच उरकून घ्या.